कानावरची पेन्सिल

आमच्या अण्णांचा एक नियम होता. रोखीचा व्यवहार शाईनं लिहायचा, उधारी पेन्सिलीनं. दापोलीच्या बाजारपेठेत त्यांचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन गाळ्यांच्या मधली बोळवजा जागा. पण आत बोरूपासून स्टॅम्पपॅडपर्यंत सगळं मिळायचं. गल्ल्याशेजारी दोन लांबोडक्या वह्या असत. एक रोजकीर्द, तिच्यात निळी शाई. दुसरी उधारीची, तिच्यात शिसपेन्सिल. कुणी पैसे आणून दिले की अण्णा त्याच्या देखत ती ओळ खोडरबरानं पुसत, भुग्यावर फुंकर मारत आणि वही त्याच्याकडे फिरवून दाखवत. "बघ, गेलं." त्यामुळे त्या वहीत जे उरायचं ते फक्त न फिटलेलं.

उधारी शाईनं का नाही लिहीत, असं मी लहानपणी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "रोख झाली ती झाली. उधारी अजून व्हायची आहे."

दापोलीत वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला निम्मा कागदात मुरतो असं आमच्या घरात सगळ्यांचंच मत होतं. मृगाच्या आत कागदाची रीमं खालच्या फळीवरून पोटमाळ्यावर जायची. फूलस्केपचा ताव श्रावणात हातात घेतला तर सादळलेल्या पापडासारखा लुळा पडायचा. टाचण्या डबीतल्या डबीत गंजायच्या आणि कुणाच्या तरी अर्जाच्या कोपऱ्यावर तांबडा डाग ठेवायच्या. पाकिटांचा डिंक आपोआप चिकटायचा. गिऱ्हाइकानं पाकीट मागितलं की अण्णा आधी ते उघडतंय का बघायचे, मग पैसे घ्यायचे. शाईच्या पेनानं अशा कागदावर लिहावं तर शाई फुटायची, अक्षराला मिश्या यायच्या. शाळेत बॉलपेनला बंदी होती, अक्षर बिघडतं म्हणून. त्यामुळे जुलै-ऑगस्टमधल्या माझ्या सगळ्या वह्या केसाळ अक्षरांच्या आहेत.

पेन्सिलीला मात्र पावसाचं काही नसे. हर्णै बंदरावरची गिऱ्हाइकं म्हणून पेन्सिलीच न्यायची. मासळीच्या लिलावाला हिशेब लिहिणाऱ्याचे हात ओले, वहीला मासळीचं तेल लागलेलं. तिथे बॉलपेनची गोळी नुसती घसरते आणि शाईच्या पेनाचं तर नावच नको. अण्णा त्यांच्यासाठी पेन्सिल मधोमध कापून अर्धी-अर्धी विकायचे. कारण सोपं होतं. बंदरावर पेन्सिल संपत नाही, हरवते. अर्धी हरवली तर अर्धंच नुकसान.

त्यातल्या काही जणांना जांभळी पेन्सिल लागायची. कॉपिंग पेन्सिल म्हणायचे तिला. ग्रॅफाइटमध्ये रंग मिसळलेला. कोरडी असताना राखाडी उमटते, ओल लागली की जांभळी होते आणि मग काही केल्या पुसली जात नाही. लिहिणारा प्रत्येक ओळीला तिचं टोक जिभेला लावायचा. हर्णैचा एक लिहिणारा आमच्या दुकानात यायचा त्याचा खालचा ओठ कायम जांभळा असे. मला वाटायचं हा माणूस बारा महिने जांभळं खातो. तो रंग पोटात जाणं बरं नव्हे हे मला फार पुढे कळलं.

शिसपेन्सिल या शब्दाचीही गंमतच आहे. तिच्यात शिसं औषधालाही नसतं. साहेबांच्या देशात १६व्या शतकात बॉरोडेलच्या डोंगरात ग्रॅफाइट सापडलं ते लोकांना शिशाचा प्रकार वाटलं, आणि त्यांची चूक समुद्र ओलांडून आमच्या दुकानाच्या पाटीवर येऊन बसली. आमच्याकडे नुसती 'पेन्सिल' म्हटलं की पाटीवरची. म्हणून ही शिसपेन्सिल. पुढे फ्रान्सची इंग्लंडशी लढाई जुंपली, तिकडचं ग्रॅफाइट यायचं बंद झालं, तेव्हा १७९५ मध्ये निकोला-जाक कोंते या फ्रेंच माणसानं ग्रॅफाइटची पूड चिकणमातीत मळून, भट्टीत भाजून कांडी केली. माती जास्त तर कांडी कडक, कमी तर मऊ. आजही पेन्सिलीवर एचबी लिहिलेलं असतं ते या मातीच्या हिशेबानं. म्हणजे पेन्सिल ही थोडीफार कुंभारकामातली वस्तू आहे, आणि भाजलेली वस्तू पावसाला भीत नाही.

३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं. अण्णा जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, दुकानाचा गाळाही दुसऱ्याकडे गेला होता. जुना माल आणि वह्या आमच्या घराच्या माळ्यावर ट्रंकांत होत्या. मी शाळेतून निवृत्त होऊन घरीच. त्या दुपारी श्रीवर्धनच्या बाजूनं वादळ किनाऱ्यावर चढलं आणि दोन-तीन तासांत आमच्या मागल्या वाडीतल्या बत्तीस पोफळींपैकी नऊ उभ्या राहिल्या. माळ्यावरची कौलं पत्त्यांसारखी उडाली. पाऊस थेट ट्रंकांवर. एकीचं झाकण आधीच गंजून सैल होतं, ते वाऱ्यानं कुठे नेलं ते आजतागायत सापडलेलं नाही.

तीन आठवडे लाइट नव्हती. टाळेबंदी चालू, माणूस मिळेना. मी पडवीत सुंभ बांधून अण्णांच्या वह्या एकेक पान सोडवत वाळत घालत होते, जशा उन्हात कुरडया घालतात तशा. आणि तिथे मला अण्णांच्या नियमाचा निकाल लागलेला दिसला. रोजकीर्दीची पानंच्या पानं फिकट निळी, आभाळासारखी. आकडा नाही, नाव नाही, तारीख नाही. उधारीची वही मात्र जशीच्या तशी. पान सुरकुतलेलं, कडा गेलेल्या, पण 'पाटील गुरुजी, दस्ते २' लख्ख.

जमा होतं ते वाहून गेलं आणि येणं होतं ते राहिलं. अण्णा असते तर कपाळाला हात लावून हसले असते.

याचं शास्त्र साधं आहे. पेनाची निळी शाई म्हणजे पाण्यात विरघळवलेला रंग. पाण्यानं आणला, पाणीच परत घेऊन गेलं. ग्रॅफाइट पाण्यात विरघळत नाही. त्याचे पापुद्रे कागदाच्या तंतूंत अडकून बसतात. तो शुद्ध कार्बन. आपल्या मोडीतल्या जुन्या दप्तरांची काजळाची शाईही कार्बनच. सरकारी कचेरीत निळी-काळी शाई सक्तीची असायची ती याच भीतीनं. तिच्यातलं लोखंड हवेत काळं पडतं आणि कागदात रुतून बसतं. अण्णा ती शाई विकायचे, पण स्वतः वापरायचे निळी. कारण निळीच्या मोठ्या बाटलीतून ते पोरांच्या पेनांत ड्रॉपरनं शाई भरून द्यायचे आणि तळाशी उरलेली गाळ-शाई रोजकीर्दीला चालवायचे. काटकसर नडली ती अशी.

छप्पर दुरुस्तीला मेस्त्री मिळाला तो गणपतीच्या तोंडावर. बाजूच्या वाडीतला, त्याचा बापही मेस्त्री होता. वर चढून वाशांची मापं घेतली, खाली आला आणि अंगणात फणसाचा वासा गुण्याला लावून उभा राहिला. मग खिसे चाचपायला लागला. शर्टाचा, पॅन्टचा, पिशवीचा. मी म्हटलं, "मेस्त्री, कानावर आहे." त्यानं कानावरून ती काढली आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं रेघ मारली.

चपटी सुतारी पेन्सिल. लाल रंग उडालेला, पटाशीनं तासलेली, बोटाच्या दोन पेरांएवढी उरलेली. चपटी अशासाठी की उतरत्या लाकडावर ठेवली तर घरंगळत नाही. ओल्या फणसाच्या पिवळ्याधमक लाकडावर तिची रेघ अशी काही उठून दिसत होती की मला पुन्हा त्या वह्या आठवल्या. मी दुकानदाराची मुलगी, हातची सवय जाते कुठे. आतून एक चांगल्यातली क्लचपेन्सिल आणून त्याला दिली. मागचं बटण दाबलं की आतला चिमटा सुटतो, कांडी जराशी पुढे सरकते, सोडलं की चिमटा पुन्हा आवळतो. तासायची कटकट नाही.

संध्याकाळी त्यानं ती परत केली. "वाईच जोर दिला का टोक तुटतंय. आनि बाई, ही कानावर ऱ्हात नाय. गुळगुळीत हाय." मग जरा विचार करून म्हणाला, "शाळेतल्या पोरांना ठीक हाय."

ही गोष्ट मी विसरूनही गेले असते. पण माझा भाचा बोटीवर असतो. आमच्या पंचक्रोशीत घरटी एखादा असतोच, कुणी इंजिनात, कुणी खलाशी. मावशीला साड्या-अत्तरं नकोत, पेनं-पेन्सिली हव्यात हे त्याला माहीत. दोन वर्षांनी तो रजेवर आला तेव्हा क्रोएशियातल्या रियेका बंदरातून त्यानं माझ्यासाठी एक जुन्या जाहिरातीचं पोस्टकार्ड आणलं. त्यावर एक माणसाचं डोकं. त्याला सुपाएवढा कान. आणि त्या कानावर पेन्सिल. खाली एकच शब्द: पेन्काला.

मी ते कार्ड देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवलं आणि हा पेन्काला कोण त्याच्या मागे लागले.

स्लावोल्युब एडुआर्ड पेन्काला. जन्म २० एप्रिल १८७१, आज स्लोव्हाकियात असलेल्या आणि तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात मोडणाऱ्या लिप्टोव्स्की मिकुलाश या गावी. बापाकडून पोलिश, आईकडून डच. शिक्षण व्हिएन्ना आणि ड्रेस्डेनला, रसायनशास्त्रात. १९००च्या सुमारास तो झाग्रेबला सरकारी नोकरीत आला, तांत्रिक तपासणी करणारा अधिकारी म्हणून, आणि तिथलाच होऊन गेला. इतका, की स्लाव लोकांवर प्रेम करणारा अशा अर्थाचं 'स्लावोल्युब' हे नाव त्यानं स्वतःच्या नावापुढे लावून घेतलं. चाकरमानी गावचं आडनाव जन्मभर मिरवतात. या गड्यानं उलट केलं.

तर हा सरकारी अधिकारी. १९०६ मध्ये त्यानं आपोआप पुढे सरकणाऱ्या पेन्सिलीचं पेटंट घेतलं. यांत्रिक पेन्सिल त्यानंच पहिल्यांदा केली असं मात्र नाही. इंग्लंडात १८२२ मध्येच हॉकिन्स आणि मॉर्डन यांनी तसं पेटंट घेतलेलं होतं. पण ती चांदी-सोन्यात मढवून साखळीला लावायची चीज. ज्याला लिहायचं आहे त्यापेक्षा ज्याला दाखवायचं आहे त्याच्यासाठी. पेन्कालाची पेन्सिल खिशातली होती. कारकुनाच्या, विद्यार्थ्याच्या, तपासणीला हिंडणाऱ्या माणसाच्या. पाठोपाठ १९०७ मध्ये घन शाईचं फाउंटन पेन.

बरेचसे संशोधक इथेच थांबतात. पेटंटाचा कागद फ्रेम करून भिंतीला लावतात आणि उरलेलं आयुष्य लोकांनी आपली कल्पना कशी चोरली ते सांगत बसतात. पेन्कालाला एडमंड मोस्टर नावाचा भागीदार भेटला, पैसा आणि बाजार कळणारा. पेन्काला-मोस्टर कंपनी निघाली आणि झाग्रेबमध्ये पेन-पेन्सिलींचा जो कारखाना उभा राहिला तो त्या काळातल्या जगातल्या मोठ्या कारखान्यांपैकी एक होता. मला या जोडगोळीत मोस्टरचं कौतुक थोडं जास्तच वाटतं. डोक्यात कल्पना असलेली माणसं आमच्या आळीतही चार आहेत. त्यांना मोस्टर भेटला नाही, एवढंच.

पेन्कालाचं डोकं काही पेन्सिलीवर थांबणारं नव्हतं. त्याच्या नावावर ऐंशीच्या आसपास पेटंटं सांगतात. गरम पाण्याची पिशवीही त्यात आहे. 'टर्मोफोर' नावानं त्यानं ती काढली होती. माझ्या गुडघ्याला रोज रात्री जी लागते तिच्याकडे मी तेव्हापासून जरा आदरानं बघते. १९१०मध्ये त्यानं विमानही बांधलं. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला जेमतेम सात वर्षं झालेली, आणि हा पेन्सिलवाला झाग्रेबमध्ये लाकूड आणि कापड जोडत बसलेला. द्रागुतिन नोव्हाक नावाच्या माणसानं ते उडवलं, आणि क्रोएशियाचा पहिला वैमानिक म्हणून त्याचं नाव लागलं. विमान टिकलं नाही. पेन्सिल टिकली.

घन शाईच्या पेनापाशी मी जरा रेंगाळले, कारण ती शाई मला ओळखीची वाटली. अण्णांच्या दुकानात शाईच्या गोळ्या आणि पुड्या यायच्या. गोळी बाटलीत टाकायची, पाणी घालायचं, हलवायचं, झाली शाई. बाटलीतली शाई मुंबईहून बोटीनं, मग एसटीच्या टपावरून आणायची म्हणजे फुटतुटीचा हिशेब वेगळा. पुडीला काही होत नाही. पाणी काय, कोकणात फुकट आणि हवं त्यापेक्षा जास्त. १९३१ मध्ये दि. प. दांडेकरांनी गिरगावात भावाच्या साथीनं जो धंदा सुरू केला तो याच शाईच्या पुड्या-गोळ्यांचा, घोडा छाप. मग फाउंटन पेनासाठी उंट छाप शाई आली, 'कॅमल इंक', आणि त्यातूनच कॅमलिन हे नाव. इराण्याच्या हॉटेलात उंटाच्या चित्राची सिगारेटची जाहिरात बघून दांडेकरांना हे नाव सुचलं असं सांगतात. खरं असेल. इराण्याच्या टेबलावर मराठी माणसाला बऱ्याच गोष्टी सुचल्या आहेत, त्यातल्या थोड्याच पुढे धंद्यात उतरल्या.

झाग्रेबच्या पेन्कालाचं नाव गिरगावात कुणी ऐकलं असेल असं मला वाटत नाही. पण कोरडी शाई न्यावी आणि पाणी जिथलं तिथे घ्यावं, या विचाराला कुठल्याही एका गावाची गरज नसते.

आणखी एक माणूस या वाचनात भेटला, तो मात्र मनातून जात नाही. टोकियोचा टोकुजी हायाकावा. लहानपणापासून धातुकामात वाढलेला. १९१५ मध्ये त्यानं धातूची, दणकट, कांडी पुढे सरकवणारी पेन्सिल केली. 'एव्हर-रेडी शार्प पेन्सिल'. धंदा चांगला वर आला. १ सप्टेंबर १९२३ला कांतोचा मोठा भूकंप झाला, शहर पेटलं. त्यात त्याचा कारखाना गेला, बायको गेली, दोन्ही मुलगे गेले. तो ओसाकाला गेला आणि तिथे रेडिओ करायला लागला. त्याच्या कंपनीचं नाव आजही शार्प आहे. आपल्याकडे शार्पचा कॅल्क्युलेटर किंवा टीव्ही ज्यांनी वापरला त्यांनी एका पेन्सिलीचंच नाव वापरलं. पेन्सिलीचा धंदा त्यानं पुन्हा केला नाही, नाव तेवढं पाठीवर घेऊन निघाला. वादळानंतरच्या त्या तीन आठवड्यांत मला कशाचं वाईट वाटत होतं, कौलांचं आणि पोफळींचं. हे वाचल्यावर मी गप्प बसले.

ओसाकाचीच आणखी एक कंपनी, कोकुयो. १९०५ मध्ये हिशेबाच्या जपानी वह्यांचे पुठ्ठे करण्यापासून ती सुरू झाली. २०११मध्ये तिनंच कॅमलिनमधला मोठा हिस्सा घेतला. म्हणजे वहीच्या पुठ्ठ्यानं शाईची पुडी विकत घेतली. अण्णांच्या ट्रंकेत या दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी भिजलेल्या होत्या.

क्रोएशियात आणि आजूबाजूला बोलीभाषेत आजही पेनला 'पेन्काला' म्हणतात. काही उत्साही लोक तर 'पेन' हा शब्दच त्याच्या आडनावावरून आला असं ठोकून देतात. ते काही खरं नाही. लॅटिनमध्ये 'पेन्ना' म्हणजे पीस, पिसाची लेखणी, ती या गृहस्थाच्या कितीतरी शतकं आधीची. नाव जुळलं हा योगायोग. पण आडनाव घरंगळत घरंगळत वस्तूला जाऊन चिकटणं हे मात्र मी गल्ल्यावर बसून रोज बघितलंय. 'एक कॅमल द्या' म्हणजे कंपासपेटी, मग ती कुठल्याही कंपनीची असो. 'रेनॉल्ड्स द्या' म्हणजे पांढरं बॉलपेन. बाजारपेठेत आज निम्म्या दुकानांवर 'झेरॉक्स' अशी पाटी आहे, आणि त्यातल्या एकाच्याही मशीनवर ते नाव असेल तर शपथ. बॉलपेन काढणारा लास्लो बिरो हंगेरीतून परागंदा होऊन अर्जेंटिनात गेला. तिथे बॉलपेनला 'बिरोमे' म्हणतात, इंग्लंडात 'बायरो', आणि अर्जेंटिनात २९ सप्टेंबर हा त्याचा जन्मदिवस संशोधक दिन म्हणून पाळतात. अण्णांचा त्याच्यावर राग होता, नाव माहीत नसतानाही. बॉलपेन आलं आणि शाईभराईचे पाच-पाच पैसे बंद झाले.

पेन्काला ५ फेब्रुवारी १९२२ला वारला, न्यूमोनियानं. पन्नासाव्या वर्षी. कारखाना त्याच्या मागे चालला, बदलला, झाग्रेबच्या पुढच्या पेन्सिल कारखान्याला त्याचं नाव लागलं.

पण मला पुन्हा पुन्हा त्या पोस्टकार्डाकडेच जावंसं वाटतं. कारखाना पेन्सिल बनवत होता खिशासाठी. तासायला नको, टोक मोडायला नको, सदरा मळायला नको. आणि चिन्ह घेतलं कानाचं! जाहिरात करणाऱ्याला टाय लावलेला साहेब काढता आला असता, टपोऱ्या डोळ्यांची मुलगी काढता आली असती. त्यानं काढला तो सुतार, वाणी, हिशेबनीस, गोदामातला मुकादम. ज्याचे दोन्ही हात कामात आहेत आणि पेन्सिल ठेवायला तिसरी जागा हवी आहे. तो कान त्यानं फुगवून सुपाएवढा केला, बास. मला वाटतं, हे चित्र ज्यानं मंजूर केलं त्यानं दुकानाच्या फळीवर नक्की दिवस काढले असणार.

गेल्या चैत्रात पडवीचा एक वासा वाळवीनं खाल्ला म्हणून मेस्त्री पुन्हा आला. चहा देताना मी त्याला ते कार्ड दाखवलं.

"हा कोन ओ?"

"पेन्सिलीचा कारखानदार. परदेशातला. शंभर वर्षांपूर्वीचा."

त्यानं कार्ड लांब धरलं, जवळ धरलं. "कान बगा केवडा. तीन ऱ्हातील एवड्यावर." मग स्वतःच्या कानावरची चाचपली, आहे ना याची खात्री केल्यासारखी. "आनि तुमी मला ती गुळगुळीत दिल्यात ती ह्याचीच काय?"

"त्याच्या नात्यातली म्हणा."

"मग ह्यानं सोताच्या कानावर ठेवून बगायला होवी होती."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हा मला आठवलं आणि मी आत जाऊन उधारीची वही आणली. वादळानंतर वाळवताना मी ती पान-पान वाचली होती. त्यात त्याच्या बापाचं नाव होतं, आणि पुढे अण्णांच्या तिरक्या अक्षरात: 'चपट्या पेन्सिली २, ऐंशी पैसे'. साल वरच्या कोपऱ्यात, १९७४. मी त्याला दाखवलं ते गंमत म्हणून. त्यानं मात्र बोटानं ओळ धरून दोनदा वाचलं. बापाचं नाव वाचताना ओठ हलले.

"फेडलं नाय म्हाताऱ्यानं."

"अहो राहिलं असेल. ऐंशी पैसे तर."

त्यानं खिशातून दहाची नोट काढली आणि कट्ट्यावर ठेवली. वर दाणकन गुण्या ठेवला, उडू नये म्हणून. "खोडा."

"अहो मेस्त्री—"

"तुमचे अण्णा खोडून दाखवायचे. म्हायती हाय आमाला. म्हाताऱ्याबरोबर मी यायचो."

मी टेबलाच्या खणातून खोडरबर काढला. वही कट्ट्यावर सपाट धरली आणि हलक्या हातानं फिरवला. अक्षर जरा फिकं झालं. आणखी फिरवला. एकदा भिजलेल्या कागदाला जीव नसतो. अक्षराबरोबर कागदाचीच लव निघायला लागली, करडा-पांढरा भुगा, आणि 'पेन्सिली'च्या जागी पलीकडचा उजेड दिसायला लागला. मी फुंकर मारली. भुग्यासोबत एक कपचाही उडाला.

मेस्त्री वाकून बघत होता. त्यानं पान उलटलं, मागच्या बाजूचं नाव वाचलं आणि माझा हात धरला.

"बास करा बाई. ऱ्हाऊ द्या. नायतर ह्या माळ्याची पन जाईल, आनि तो फुकटात सुटंल."